ज्येष्ठांसोबत फ्लॉरेन्स: काय पाहावे, काय सोडावे, काय जेवावे?

कुळागर, फोंडा

सर्वांस नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या मध्यास मी, माझे यजमान आणि माझे सासरे असे तिघेजण इटलीला जाणार आहोत. मामंजी फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. सपाट रस्त्यावर ते आमच्या बरोबरीने चालतात, परंतु गुडघ्यांमुळे जिने चढणे त्यांना जमत नाही. बोत्तिचेल्ली, मासाच्चो, मिकेलांजेलो ही नावे त्यांनी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवली, तीही धूसर छपाईच्या पुस्तकांतील काळ्यापांढऱ्या चित्रांवरून. मूळ चित्रासमोर उभे राहण्याचा योग त्यांना आजवर आलेला नाही, आणि ही सहल मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

प्रवासी कंपनीने दिलेल्या आराखड्यात रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान अशी पाच शहरे आठ रात्रींत बसवलेली असून फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच रात्र आली आहे. मला हे पटत नाही. रोमला तीन रात्री द्याव्यात आणि उरलेल्या पाचही फ्लॉरेन्सला द्याव्यात, असे माझ्या मनात आहे. परंतु एवढ्याशा शहरात पाच दिवस काय करणार, असे घरातील काही मंडळी विचारतात आणि त्यांना पटवून देण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही.

दुसरा प्रश्न जेवणाचा आहे. आमच्या घरी गोमांस वर्ज्य आहे, सोमवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असते आणि एरवी मासळी आवडीने खाल्ली जाते. भात मिळाला नाही तरी मामंजींची तक्रार नसते, मात्र पानात काय आले आहे हे न कळता जेवणे त्यांना मानवत नाही. फ्लॉरेन्सचे जेवण म्हणजे गाईच्या मांसाचा जाड तुकडा, एवढेच मी सर्वत्र वाचले आहे. तेव्हा त्या शहराचे स्वतःचे असे काही आम्हाला चाखता येईल की पाचही दिवस पिझ्झावर काढावे लागतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जांभा, पणजी

ताई, आपला विचार योग्य आहे आणि तो बदलू नये. मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो, म्हणून वास्तूंपासून आरंभ करतो. चित्रांविषयी आणि जेवणाविषयी येथे माझ्याहून अधिक जाणणारी मंडळी आहेत.

माझी पहिली विनंती अशी की, निघण्यापूर्वी मामंजींना घेऊन एकदा जुन्या गोव्याला जाऊन यावे. बॉम जेझूच्या बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या उंच समाधीवर ठेवलेली आहे, ती समाधी फ्लॉरेन्समध्ये घडलेली आहे. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेडिची याला जेझुइटांनी संताच्या मस्तकाखालची उशी भेट दिली होती आणि त्या भेटीला उत्तर म्हणून त्याने ही समाधी करवून घेतली. शिल्पकार जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्या हाताखाली हे काम सुमारे दहा वर्षे चालले. मग सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने गोव्याला पाठवण्यात आले. प्लाचिदो राम्पोनी नावाचा फ्लॉरेन्सचा कारागीर त्यांच्यासोबत आला आणि 1698 मध्ये त्याने येथे जोडणी पूर्ण केली. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांची असून ती समाधीहून साठेक वर्षांनी जुनी आहे. पेटीकडे पाहण्यासाठी आपण सारे माना उंच करतो आणि खालच्या दगडाकडे लक्ष जात नाही. या वेळी उलट करावे. रंगीत संगमरवराचे आणि जास्पर दगडाचे तुकडे एकमेकांना कसे भिडवले आहेत, त्यांच्या मधोमध बसवलेल्या ब्राँझच्या चार पाट्यांवर संताच्या जीवनातील प्रसंग कसे कोरले आहेत, हे सावकाश पाहावे.

असे पाहून गेल्यावर फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चला जोडून असलेली 'कापेल्ला देई प्रिंचिपी', म्हणजे मेडिची घराण्याच्या राज्यकर्त्यांचे समाधिमंदिर, आपल्याला परके वाटणार नाही. 1604 मध्ये आरंभ झालेल्या या अष्टकोनी दालनाच्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगीत दगडांनी मढवलेल्या आहेत आणि खालच्या पट्ट्यात टस्कनीतील 16 शहरांची चिन्हे दगडी जडावात आहेत. त्यांत रंग म्हणून काहीही फासलेले नाही. निळे दिसते ते लाजवर्द, लाल दिसते ते जास्पर किंवा पोवळे, पांढरी झाक दिसते ती शिंपल्याची. अनेक लेखकांनी या दालनाला भडक म्हटले आहे. मला ते मत मान्य नाही, कारण तेथील काम जवळून पाहिले की कारागिराचा संयम दिसतो आणि भपका मागे पडतो.

तेथून चालण्याच्या अंतरावर, व्हिया देल्यी आल्फानी या रस्त्यावर 'ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे' ही संस्था आहे. ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने 1588 मध्ये स्थापन केलेल्या राजकार्यशाळेची ती वारसदार असून आज जगातील अग्रगण्य जतनसंस्थांपैकी एक आहे. तिचे छोटे संग्रहालय बहुतेक प्रवासी पाहतच नाहीत. तेथे जुनी कामाची बाके, हत्यारे आणि दगडांचे नमुने ठेवलेले आहेत. दगडाचा काही मिलिमीटर जाडीचा काप घ्यायचा, त्यावर कागदी नमुना चिकटवायचा आणि वाकवलेल्या लाकडी फांदीला ताणून बांधलेल्या लोखंडी तारेने, ओल्या कुरुंदाच्या भुकटीचा लेप लावत लावत, तो आकार घासून कापायचा, अशी ही रीत आहे. तारेला दाते नसतात, कापण्याचे काम भुकटी करते. पाकळीवरची छटा हवी असेल तर ती दगडाच्या नैसर्गिक शिरांतच शोधावी लागते, त्यामुळे एका फुलासाठी कारागीर दगडांचे किती काप चाळत असेल याची कल्पना मामंजींसारख्या चित्रकाराला लगेच येईल.

आता कॅथेड्रलविषयी. सांता मारिया देल फियोरे या कॅथेड्रलचे काम 1296 मध्ये आर्नोल्फो दी कांबियोच्या आराखड्याने सुरू झाले, पण मधल्या अष्टकोनावर घुमट कसा चढवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. रुंदी सुमारे 45 मीटर. कमान उभारताना खालून आधार देणारा लाकडी सांगाडा एवढ्या रुंदीला आणि उंचीला बांधणे शक्य नव्हते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने 1420 ते 1436 या काळात सांगाड्याविना घुमट बांधून दाखवला. एकात एक अशी दोन कवचे, त्यांना जोडणाऱ्या फासळ्या, दगडी आणि लाकडी साखळ्यांचे कडे आणि विटांची माशाच्या काट्यासारखी तिरकी रचना, ही त्याची साधने होती. उभ्या लावलेल्या विटा आडव्या थरांना मधूनमधून अडकवून धरतात, त्यामुळे चुना ओला असतानाही वरचा थर घसरत नाही आणि प्रत्येक फेरी पूर्ण होताच ती स्वतःलाच तोलून धरते.

घुमटावर जाण्यास 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा मामंजींनी तो विचार सोडावा. त्यांना कॅथेड्रलमागच्या 'ओपेरा देल दुओमो' संग्रहालयात न्यावे. तेथे लिफ्ट आहे, घुमटाच्या लाकडी प्रतिकृती आणि बांधकामाची हत्यारे आहेत, शिवाय वरच्या गच्चीतून घुमट अगदी समोर दिसतो. शिल्पकार गिबेर्तीने 1425 ते 1452 या काळात घडवलेल्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दरवाजाचे मूळ फलकही तेथेच आहेत. बाहेर, जेथे गर्दी छायाचित्रे काढते, तेथे प्रतिकृती बसवलेली आहे. मिकेलांजेलोने म्हातारपणी कोरायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली 'पिएता', म्हणजे मृत येशू आणि शोकाकुल मारिया यांचे शिल्प, या संग्रहालयात आहे. तिच्यातील वृद्धाचा चेहरा हा त्याचा स्वतःचा मानला जातो. त्या शिल्पापुढे बसायला जागा आहे, आणि मामंजींनी तेथे हवा तेवढा वेळ घ्यावा.

पेडणेकरीण, पेडणे

कुळागर ताई, यजमानांच्या नोकरीनिमित्त आमचे काही वर्षे वास्तव्य फ्लॉरेन्समध्ये होते, त्यामुळे जेवणाचा भाग मी घेते. सर्वप्रथम मनातील ती समजूत काढून टाकावी. गोमांसाचा जाड तुकडा, ज्याला तेथे 'बिस्तेक्का' म्हणतात, तो सणासुदीचा आणि पाहुण्यांचा पदार्थ आहे. टस्कनीच्या घरांतील रोजचे जेवण पाव, कडधान्य, पालेभाजी आणि ऑलिव्हचे तेल यांवर उभे आहे. इटलीतील इतर प्रांतांचे लोक टस्कनीवाल्यांना 'घेवडेखाऊ' म्हणतात ते उगीच नव्हे.

'रिबोल्लिता' हा त्या जेवणाचा पाया समजावा. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परततात. त्यात पांढरा घेवडा, लांब काळपट पानांचा 'काव्होलो नेरो' कोबी आणि इतर भाज्या शिजवतात, मग शिळ्या पावाचे काप घालून ते सारे दाट होऊ देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळले की खरी चव येते. वाढताना वरून कच्च्या तेलाची धार सोडतात. चमचा उभा राहील इतपत दाट झाले तर ते नीट जमले. टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीचे बाझिलिको आणि शिळा पाव यांचे 'पाप्पा आल पोमोदोरो' हेही तसेच पोटभरीचे आणि मऊ असते, वयस्क माणसांना तर विशेष मानवते. दोन्ही बहुधा निरामिष असतात, पण काही ठिकाणी रिबोल्लितात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा मांसाचा रस्सा घालतात, म्हणून विचारून घ्यावे. 'सेंत्सा कार्ने' म्हणजे मांसाविना, एवढे सांगितले तरी पुरते.

गोमांस टाळण्यासाठी काही शब्द ध्यानात ठेवावेत. 'मान्झो' आणि 'व्हितेल्लोने' हे गोमांस, 'व्हितेल्लो' हे वासराचे. 'त्रिप्पा' आणि 'लांप्रेदोत्तो' हे गाईच्या जठराचे पदार्थ असून हातगाड्यांवर मिळतात. लांप्रेदोत्तो तर शहराची शान मानतात: कढईतून उकळता तुकडा काढून चिरतात, पावात भरतात, हिरवी चटणी घालतात आणि पावाचा वरचा अर्धा भाग रश्श्यात बुडवून देतात. वासाने कोणीही थांबेल, म्हणून मुद्दाम लिहिले. 'पेपोझो' म्हणजे काळी मिरी आणि लाल वाइन घालून तासन् तास शिजवलेले गोमांस. घुमटाच्या कामासाठी भट्ट्यांवर राबणारे कामगार ते भट्टीच्या तोंडाशी शिजवत, अशी परंपरा सांगतात. 'रागू' असे लिहिलेल्या पास्त्याच्या रश्श्यात बहुधा गोमांस असतेच, तेथे चौकशी केल्याशिवाय मागवू नये. 'फेगातिनी' मात्र कोंबडीचे काळीज असते, ते पावाच्या कापांवर लावून देतात.

मासळीविषयी. फ्लॉरेन्स समुद्रापासून दूर आहे आणि ताज्या मासळीची आपली अपेक्षा तेथे पुरी होणार नाही. पण 'बाक्काला', म्हणजे खारवलेला कॉड, जो आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे परिचित आहे, तो तेथे लिव्होर्नो पद्धतीने टोमॅटोच्या रश्श्यात करतात आणि जुन्या वळणाच्या खानावळींत शुक्रवारी तो हमखास असतो. शुक्रवारचे दुपारचे जेवण त्यासाठी राखून ठेवावे.

ऑक्टोबर हा खाण्यासाठी उत्तम महिना आहे. आळंब्यांमधील 'पोर्चिनी' त्या दिवसांत ताजी असते आणि रुंद पट्ट्यांच्या 'पाप्पार्देल्ले' पास्त्यासोबत तिला तोड नाही. बेकऱ्यांत 'स्कियाच्चाता कोन लुव्हा' मिळते. चपट्या पावाच्या दोन थरांमध्ये आणि वर वाइनची काळी द्राक्षे बियांसकट दाबून भाजतात, त्यांचा रस पावात मुरतो आणि कडेला साखर करपून चिकट होते. बिया दाताखाली कुरकुरतात, त्या तशाच चावून खायच्या असतात. द्राक्षांचा हंगाम सरला की हा पदार्थ दिसेनासा होतो, तेव्हा पहिल्या दिवशीच घ्यावा. चेस्टनटच्या पिठाचे 'कास्तान्याच्चो' त्याच सुमारास येते. त्यात मुळात साखर नसते. पाइनच्या बिया, मनुका आणि रोझमेरी एवढ्यावर त्याची चव असते. मामंजींना गोडाचे पथ्य असेल तर ते विचारात घ्यावे.

तेथील पाव अळणी असतो. पहिल्या घासाला तो बेचव वाटतो, मात्र खारट चीज, मुरवलेले मांस आणि तिखट तेल यांच्याबरोबर त्याचा अर्थ लागतो, म्हणून तो कोरडा खाऊन मत बनवू नये.

सोमवारच्या शिवराकाची अडचण येणार नाही: पाप्पा, घेवडा, तळलेल्या भाज्या, चीज. मात्र काटेकोर पाळणाऱ्यांनी हे जाणून असावे की पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. बाजारासाठी सान लोरेन्झोचे 'मेर्कातो चेंत्राले' प्रसिद्ध आहे. लोखंड आणि काच यांची ही देखणी इमारत जुझेप्पे मेंगोनी या वास्तुविशारदाची असून 1874 मधली आहे. वरच्या मजल्यावर खाण्याचे ठेले आहेत, ते प्रवाशांसाठीच आहेत असे म्हणायला हरकत नाही. माझा ओढा सांत आंब्रोज्योच्या बाजाराकडे अधिक आहे, कारण तेथे आजूबाजूच्या घरांतील बायका भाजी घ्यायला येतात आणि दुपारी साधे, गरम जेवण मिळते. दोन्हीकडे सकाळीच जावे.

बिलात माणशी 'कोपेर्तो' नावाची लहान रक्कम लावतात. ती फसवणूक नसून तेथील रीत आहे. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, बसून घेतली तर भाव बदलतो. रात्रीची जेवणे साडेसातनंतर सुरू होतात, त्यामुळे मामंजींना लवकर जेवण्याची सवय असेल तर दुपारचे जेवण मुख्य ठेवावे आणि रात्री घरीच काही हलके करावे. त्यासाठी स्वयंपाकाची सोय असलेले घर घेणे सोयीचे. जुन्या इमारतींत लिफ्ट अनेकदा नसते, हे घर ठरवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मांडवीतीर, म्हापसा

जांभा यांनी वास्तूंविषयी जे लिहिले त्याच्याशी मी सहमत आहे. मी त्यात चित्रांची बाजू जोडतो.

उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाला एक सकाळ पुरत नाही. ही इमारत वास्तुविशारद व्हासारीने 1560 मध्ये मेडिचींच्या कचेऱ्यांसाठी आखली. आज तेथे जे आहे ते सारे शहरात राहिले याचे श्रेय एका स्त्रीला जाते. घराण्यातील शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा द मेडिची हिने 1737 च्या करारान्वये कुटुंबाचा संपूर्ण संग्रह राज्याच्या स्वाधीन केला आणि त्यातील काहीही फ्लॉरेन्सबाहेर नेता येणार नाही अशी अट घातली. इटलीतील कितीतरी राजघराण्यांचे संग्रह विकले गेले, विखुरले गेले. फ्लॉरेन्सचा राहिला. मला तर हा करार तेथील कोणत्याही चित्राइतकाच मोलाचा वाटतो.

मामंजी शिक्षक आहेत, म्हणून त्यांनी आरंभीच्या दालनात थांबावे. तेथे चिमाबुए, दुच्चो आणि ज्योत्तो यांच्या सिंहासनस्थ माता मारियेच्या तीन मोठ्या चित्रचौकटी एकत्र आहेत. चिमाबुएच्या चित्रातील देवदूत एकावर एक रचल्यासारखे दिसतात, तर ज्योत्तोच्या मातेच्या गुडघ्यांचा भार कापडाखालून जाणवतो. हा फरक पुस्तकातील छोट्या चित्रात कधीच उमटत नाही. तेथून बोत्तिचेल्लीच्या दालनात गेले की 'व्हीनसचा जन्म' आणि 'प्रिमाव्हेरा' ही चित्रे अपेक्षेहून मोठी निघतात. पहिले कॅनव्हासवर आहे, दुसरे लाकडी फळ्यांवर, आणि दुसऱ्याच्या तळाशी रंगवलेली फुले जवळ जाऊन पाहण्याजोगी आहेत. इमारतीत लिफ्ट आहे. तरीही दोन वेगवेगळ्या दिवशी अडीच-तीन तास असे जावे, हेच माझे सांगणे आहे. खर्च वाढेल, पण थकलेल्या डोळ्यांनी पाहिलेले कारावाज्योचे चित्र पाहिल्यात जमा होत नाही.

मिकेलांजेलोचा डेव्हिडचा पुतळा आक्कादेमिया या कलासंग्रहालयात आहे, 5.17 मीटर उंच, 1501 ते 1504 या काळात कोरलेला. 1873 मध्ये तो चौकातून येथे हलवण्यात आला, आणि चौकात आता प्रतिकृती उभी आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात मिकेलांजेलोचे अपूर्ण 'कैदी' दोन्ही बाजूंना आहेत. छिन्नीच्या दातेरी खुणा तशाच आहेत आणि देह दगडातून अर्धेच सुटले आहेत. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला मला वाटते डेव्हिडपेक्षा हेच अधिक शिकवतील.

परंतु फ्लॉरेन्सची काही थोर चित्रे अजून ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर आहेत, आणि शहराला पाच दिवस द्यावेत ते त्यासाठी. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोची ख्रिस्ती 'त्रिमूर्ती' आहे, 1427 च्या आसपासची. सपाट भिंतीत खोल कमानीचे दालन असल्याचा भास ज्या बिनचूक यथार्थदर्शनाने निर्माण होतो, ते तोवर कोणी या पातळीवर साधले नव्हते. नदीपलीकडे सांता मारिया देल कार्मिने चर्चमधील ब्रांकाच्ची कापेल्लात (लहान प्रार्थनादालनात) त्याचेच 'स्वर्गातून हकालपट्टी' आहे, आणि त्यातील स्त्रीचा आक्रोश आजही अंगावर येतो. तेथे वेळ आधी ठरवून जावे लागते. सान मार्को मठात फ्रा आंजेलिकोने भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक भित्तिचित्र काढले. ते मठवासीयांच्या एकांतासाठी होते, म्हणून रंगही हलके, निःशब्द आहेत. खोल्या वरच्या मजल्यावर आहेत, पण मामंजींना एक जिना सावकाश चढता आला तर हे चुकवू नये, कारण जिन्याच्या माथ्यावरच समोर 'शुभवार्ता' हे भित्तिचित्र येते. सांता त्रिनिता चर्चमध्ये गिर्लांदायोची भित्तिचित्रे आणि सांता फेलिचिता चर्चमध्ये पोंतोर्मोचे 'अवतरण', म्हणजे येशूला क्रूसावरून उतरवल्याचे चित्र, आहे. यांतल्या काही ठिकाणी दिवा लावण्यासाठी यंत्रात नाणे टाकावे लागते, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्यावीत. बरीच चर्च दुपारी काही तास बंद असतात.

मराठी माणसाने आणखी एका ठिकाणी जावे असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडची भेट आटोपून परतत असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये निधन पावले. वय अवघे विशीचे. त्या काळी तेथे दहन ही अनोळखी गोष्ट होती, तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी, काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, 1874 मध्ये छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणारे चार्ल्स मँट यांचा असून आतील फेटाधारी अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही त्यांच्यावरूनच नाव मिळाले आहे. उद्यान फार लांबलचक आहे, म्हणून मामंजींसाठी टॅक्सी करावी.

कुळागर, फोंडा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामंजींना सारी उत्तरे वाचून दाखवली. राजाराम महाराजांची समाधी फ्लॉरेन्समध्ये आहे हे त्यांना ठाऊक होते, पण ती जागा कोठे आहे हे माहीत नव्हते. तेथे नेणार असाल तर बाकी काही सुटले तरी चालेल, असे ते म्हणाले. मात्र मासाच्चोच्या 'त्रिमूर्ती'विषयी ऐकल्यावर ते वाक्य त्यांनी मागे घेतले. घरच्यांनीही पाच रात्रींना संमती दिली आहे.

आम्ही शनिवारी दुपारी रोमहून आगगाडीने पोहोचणार आणि गुरुवारी सकाळी निघणार. सोमवारी संग्रहालये बंद असतात असे वाचले, आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असणार. मग हे दोन दिवस कसे लावावेत? आणि शुक्रवार आमच्या वाट्याला येत नाही, तर बाक्काला चुकेल का?

पेडणेकरीण, पेडणे

चुकणार नाही. शुक्रवारी तो हमखास असतो इतकेच. इतर दिवशीही पुष्कळ खानावळींच्या फळ्यावर तो लिहिलेला सापडतो. दारातच दिवसाचे पदार्थ खडूने लिहिलेले असतात, ते वाचूनच आत जावे.

जांभा, पणजी

शनिवारी सायंकाळी काहीही पाहण्याचे ठरवू नये. सामान ठेवून सांता त्रिनिता पुलावर जावे आणि तेथून पोंते व्हेक्यो पाहावा. 1345 मधला हा पूल 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील इतर सारे पूल उडवले तेव्हा एकटा वाचला. आपण ज्यावर उभ्या असाल तो सांता त्रिनिता पूल युद्धानंतर नदीतून काढलेले मूळ दगड वापरून पुन्हा बांधलेला आहे.

रविवारी सकाळी आक्कादेमिया आणि ओपेरा देल दुओमोचे संग्रहालय करावे, कारण चर्च प्रवाशांसाठी बहुधा दुपारनंतरच उघडतात. दुपारी सांता क्रोचे चर्च. तेथे मिकेलांजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाधी आहेत, ज्योत्तोची भित्तिचित्रे आहेत, आणि 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुरात जबर हानी झालेला चिमाबुएचा क्रूस आहे. बराचसा रंग वाहून गेला, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला भाग नव्याने रंगवून लपवला नाही. आसपासच्या रंगांशी जुळणाऱ्या बारीक रेषांनी तो भरला, म्हणजे लांबून गेलेला भाग डोळ्यांत खुपत नाही आणि जवळून हानी प्रामाणिकपणे दिसते. आमच्या क्षेत्रात आजही यावर चर्चा होते. बॉम जेझूच्या भिंतींवरचा गिलावा गेल्या शतकात काढल्यापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. तेथे जुने काय राखावे आणि नवे काय घालावे, हा प्रश्न आपल्याकडेही सुटलेला नाही, म्हणून या क्रूसापुढे मला फार वेळ लागतो.

सोमवारी उफ्फिझी आणि आक्कादेमिया बंद असतात. त्या दिवशी सकाळी सांत आंब्रोज्योचा बाजार, मग सांता मारिया नोव्हेल्ला, आणि दुपारी टॅक्सीने काशिने. उन्ह उतरताना सान मिन्यातो आल मोंते या टेकडीवरच्या चर्चला जावे. 1018 मध्ये सुरू झालेली ही वास्तू कॅथेड्रलहून पावणेतीनशे वर्षांनी जुनी आहे. पांढऱ्या आणि हिरव्या संगमरवराची जी भूमिती खाली शहरभर दिसते, ती येथे तिच्या आरंभीच्या, साध्या रूपात आहे. चर्चच्या पुढ्यात पायऱ्या आहेत, म्हणून टॅक्सीला वरपर्यंत नेण्यास सांगावे.

मंगळवार आणि बुधवार या दोन्ही सकाळी मांडवीतीर म्हणतात त्याप्रमाणे उफ्फिझीला द्याव्यात. दोन दिवसांपैकी एका दुपारी सान लोरेन्झो आणि मेडिची कापेल्ला, दुसऱ्या दुपारी नदीपलीकडची ब्रांकाच्ची कापेल्ला. ओपिफिचोचे संग्रहालय यांच्या मधल्या एखाद्या सकाळच्या तासात बसते. प्रत्येक संग्रहालयाची साप्ताहिक सुटी निराळी असते आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे तिकिटे अधिकृत संकेतस्थळांवरूनच आणि शक्य तितक्या आधी काढावीत. मध्यस्थांची संकेतस्थळे दिसायला तशीच असतात आणि बरेच जास्त पैसे घेतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फरसबंदी खडबडीत आहे, तेव्हा मामंजींचे बूट नवे घेणार असाल तर ते आतापासूनच वापरायला द्यावेत.

कुळागर, फोंडा

देव बरे करो. या रविवारी आम्ही जुन्या गोव्याला जात आहोत. मामंजींनी दुर्बीण आणि चित्रवही काढून ठेवली आहे. उफ्फिझीची दोन्ही दिवसांची तिकिटे आज रात्री काढते, आणि ब्रांकाच्चीची वेळ मिळाली की येथे कळवते.